आमचें एक चुकलेलें त्रैराशिक

शिक्षकाच्या पेशांत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास एक खोड जडते. कोणताहि प्रश्न पुढें आला कीं त्याचें उत्तर आपणांस काढतां आलेंच पाहिजे, असें त्यास वाटूं लागतें. शाळेच्या चार भिंतींत ही खोड फारसा अपाय करीत नाहीं; कारण तेथें उत्तरांचें पान पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें असतें. परंतु ज्या प्रश्नाचें उत्तर कोणत्याच पुस्तकांत छापलेलें नाहीं, अशा प्रश्नाशीं गांठ पडली म्हणजे ही खोड किती महाग पडते, याचा अनुभव आम्हांस उतारवयांत, आणि तोहि परदेशांत, आला. तो लाजिरवाणा आहे. तथापि कोणाच्या तरी उपयोगीं पडेल म्हणून येथें निवेदन करतों.

सन २०२२ च्या उन्हाळ्यांत आम्ही सकुटुंब अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया राज्यांत कन्येकडे राहिलों होतों. आमच्या जांवईबापूंस जुन्या लष्करी रायफलींचा नाद आहे. शिकार ते करीत नाहींत. शंभर यार्डांवर कागद लावून नेम धरावयाचा, एवढाच त्यांचा छंद. त्यांच्याजवळ अर्जेंटिना देशाच्या सैन्यानें १८९१ सालीं स्वीकारलेली माउझर रायफल आहे. बर्लिन येथील लुडविग लोव्ह यांच्या कारखान्यांत घडलेली ही बंदूक पाहावयास सुरेख, पण हिची ७·६५ मिलिमीटरची काडतुसें आतां दुकानांत क्वचितच मिळतात. म्हणून तिकडे अनेक लोक तीं घरींच भरतात व तेथील कायद्यास तें मान्य आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र-कायद्यानें परवान्यावांचून काडतुसें तयार करण्यास मनाई आहे. तेव्हां पुढील वर्णन अनुकरणासाठीं नव्हे, हें प्रथमच सांगून ठेवतों.

काडतूस भरण्याची कृति दिसावयास सोपी. उडवलेली पितळी पुंगळी यंत्रांत दाबून मूळ मापावर आणावयाची, बुडाची जळकी टोपी काढून नवी बसवावयाची, बिनधुराची दारू तोलून ओतावयाची व तोंडाशीं गोळी दाबून बसवावयाची. तोलण्याचें परिमाण ग्रेन. आमचे जांवई १८० ग्रेनांची गोळी वापरीत. म्हणजे बरोबर एक तोळा! कारण इंग्रजी अमदानींत तोळा १८० ग्रेनांचाच ठरविला होता. त्यांचा तराजू ग्रेनाचा दहावा भाग दाखवी. म्हणजे गुंजेचा सुमारें एकोणिसावा हिस्सा. सोनाराच्या कांट्यालाहि लाजवील असें तें तोलणें पाहून आमचें मन प्रसन्न झालें.

कोणत्या पुंगळींत कोणती दारू किती घालावी, याचीं कोष्टकें दारू तयार करणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेंत दाब मोजून प्रसिद्ध करतात. प्रत्येक ओळींत दोन आंकडे असतात : एक आरंभाचा व एक कमाल मर्यादेचा. परंतु त्या सुमारास तिकडे दारू व टोप्या यांची मोठी टंचाई होती. २०२० पासून दुकानांचीं फळकुटें रिकामीं पडलीं होतीं. जांवईबापूंस जी दारू मिळाली, ती त्या जुन्या काडतुसाच्या कोणत्याच कोष्टकांत नव्हती. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत असत. कारखान्यांत लेथवर जन्म घालवून निवृत्त झालेले. जांवईबापूंस ही विद्या त्यांनींच शिकविली होती. ते आपल्या मुलाकडे पंधरा दिवस जाणार होते व जातांना "मी परत येईपर्यंत त्या दारूस हात लावूं नका," असें बजावून गेले.

येथें आमची खोड आड आली. आम्हीं म्हटलें, यांत अडलें तें काय? ही नवी दारू थर्टी-ओ-सिक्स नांवाच्या मोठ्या काडतुसाच्या कोष्टकांत आहे. तेथेंच एक जुनी दारूहि आहे व ती जुनी दारू आपल्या काडतुसाच्या कोष्टकांत आहे. तीन पदें ज्ञात, चौथें अज्ञात. हें तर उघडउघड त्रैराशिक! भास्कराचार्यांच्या 'लीलावती'मध्यें प्रमाण, फल आणि इच्छा अशीं तीन पदांचीं नांवें आहेत; इच्छेस फलानें गुणावें, प्रमाणानें भागावें कीं इच्छाफल हातीं आलें. आम्हीं कागदावर आंकडा मांडून दिला. "बाबा, तुमचें त्रैराशिक चुकावयाचें नाहीं," असें म्हणून जांवईबापूंनीं त्या आंकड्याचीं दहा काडतुसें भरलीं.

दुसऱ्या दिवशीं कडक ऊन होतें. पहिलाच बार नेहमींपेक्षां मोठा झाला व रायफलीचा बोल्ट उघडेना. तळहाताचे ठोसे मारतां तो कसाबसा सुटला. पुंगळी बाहेर आली तेव्हां तिच्या टोपीच्या गोल कडा चेपून सपाट झाल्या होत्या, व कडेनें काजळीचें एक वर्तुळ उमटलें होतें. जळता वायु टोपीच्या बाजूनें मागें झिरपला होता. मागें म्हणजे जांवईबापूंच्या चेहऱ्याकडे. त्यांच्या डोळ्यांवर जाड चष्मा होता, वायूहि अल्पच निसटला होता, म्हणून कांहीं झालें नाहीं. पण आमचे पाय लटपटूं लागले. उरलेलीं नऊ काडतुसें डब्यांत घालून आम्ही मुकाट्यानें घरीं आलों.

कन्येनें सर्व ऐकून घेतलें. ती रागावली असती तर बरें झालें असतें. तिनें फक्त एवढेंच विचारलें, "बाबा, आजोबांनीं थांबावयास सांगितलें होतें ना?" त्यानंतर दोन दिवस ती आमच्याशीं कामापुरतेंच बोलली. छत्तीस वर्षें आम्हीं मुलांस गणित शिकविलें. पण त्या दोन दिवसांइतकी स्वतःची लाज आम्हांस कधीं वाटली नव्हती.

शेजारचे वृद्ध परत आले. त्यांनीं पुंगळी खिडकीशीं धरून न्याहाळली, आमचा कागद वाचला आणि एक शब्द न बोलतां तीं नऊ काडतुसें उकलावयास बसले. पोकळ डोक्याची एक हातोडी असते. तींत काडतूस उलटें अडकवून ठोकलें कीं गोळी सुटून बाहेर येते. नऊहि काडतुसें रिकामीं झाल्यावरच त्यांनीं तोंड उघडलें.

त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा. दारू व दाब यांचें नातें सरळ प्रमाणाचें नाहीं. दाब वाढला कीं दारू अधिक वेगानें जळते आणि ती वेगानें जळली कीं दाब आणखी वाढतो. म्हणून वरच्या टोंकास अर्ध्या ग्रेनाची भरहि बंदुकीस असह्य होते. मोठ्या पुंगळींत दोन दारूंचें जें गुणोत्तर पडतें, तेंच लहान पुंगळींत पडेल असें नाहीं. शिवाय आमच्या पुंगळ्या जाड पितळेच्या लष्करी पुंगळ्या कापून केलेल्या. त्यांच्या पोटांत जागा कमी. आणि सर्वांत मोठी चूक ही कीं, आम्हीं तिन्ही पदें कमाल मर्यादेचीं घेतलीं होतीं. दारू किती शीघ्र जळते याची जी यादी छापलेली असते, तिच्याविषयीं त्यांनीं सांगितलेलें आम्हांस विशेष पटलें. ती यादी वर्गांतील नंबरांसारखी आहे. पहिला कोण व दुसरा कोण तें कळतें, पण दोघांच्या गुणांत एकाचा फरक कीं वीसांचा, तें कळत नाहीं.

हें ऐकतांना आम्हांस लहानपणीं पाठशाळेंत घोकलेलें न्यायशास्त्र आठवूं लागलें. नैयायिक चार प्रमाणें मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. छापील कोष्टक हें शब्दप्रमाण. तें नसलें म्हणजे मनुष्य उपमानाकडे वळतो आणि हें त्यासारखें आहे असें म्हणतो. आम्ही तेथेंच फसलों. टोपीचें चेपणें पाहून दाब ओळखणें हें अनुमान. परंतु हा हेतुहि सव्यभिचार आहे. घरांत पुंगळी सैल बसली तर दाब बेताचा असूनहि टोपी चेपते. आणि जुनी बंदूक आपल्या मर्यादेपलीकडे ताणली गेली तरी टोपी कित्येकदां कांहींच सांगत नाहीं. उरलें प्रत्यक्ष. खरा दाब घरीं मोजतां येत नाहीं. पण गोळीचा वेग मोजणारें लहान यंत्र मिळतें. वृद्धांचा नियम असा : त्याच वजनाच्या गोळीस विश्वसनीय कोष्टकांत जो वेग दिला आहे, तो आपल्या बंदुकींत आला कीं थांबावें, मग टोपी कितीहि गोंडस दिसो. अधिक वेग फुकट मिळत नाहीं. त्याची किंमत दाबाच्या रूपानें मोजलेलीच असते.

मग त्यांनीं पुनः पहिल्यापासून आरंभ केला. प्रथम दारूच्या कंपनीस विचारणा केली. तेथून नेमका आंकडा मिळाला नाहीं, पण ही दारू या जातीच्या पुंगळीस चालण्यासारखी आहे, एवढें कळलें. मग जवळपासच्या सर्व दारूंचे आरंभाचे आंकडे लिहून त्यांतील सर्वांत लहान निवडला. त्याहून फार खालीं मात्र ते गेले नाहींत. कारण मंद दारू पुंगळींत फार थोडी घातली तर तीहि कधीं कधीं विपरीत दाब उत्पन्न करते. प्रत्येक पायरीचीं तीनच काडतुसें, दोन पायऱ्यांत अर्ध्या ग्रेनाचें अंतर, आणि प्रत्येक बारानंतर पुंगळी, टोपी, वेग व हवेची उष्णता यांची वहींत नोंद. पांचव्या पायरीस वेग ठरल्या जागीं आला. बोल्ट बोटानें उघडत होता व टोपीहि निर्दोष होती. जांवईबापू म्हणाले, "आणखी एक पायरी पाहूं या काय?" वृद्धांनीं नुसती वही मिटली.

तो आंकडा आमच्या त्रैराशिकाच्या उत्तरापेक्षां साडेतीन ग्रेनांनीं कमी होता. म्हणजे दोन गुंजांहूनहि कमी फरक. एवढ्याशा अंतरावर आमच्या कन्येच्या संसाराचें सुख उभें होतें!

त्रैराशिक खोटें नव्हे. पण राशींचें परस्परांशीं प्रमाण आहे कीं नाहीं, हें आधीं पाहिलें पाहिजे. ती अट आम्हीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिली आणि स्वतःच्या वेळीं विसरलों. प्रमाणापेक्षां इच्छाच बळावली. जेथें पूर्वसूरींचा शब्द उपलब्ध नाहीं, तेथें बुद्धि कमी लागते असें नाहीं; पण धीर मात्र पुष्कळ अधिक लागतो.

निघतांना वृद्धांनीं आम्हांस ती काजळीचें वर्तुळ उमटलेली रिकामी पुंगळी भेट देऊं केली. आम्हीं ती आणली नाहीं. कन्येनेंच ती ठेवून घेतली. ती तिच्या स्वयंपाकघरांतील खिडकींत, जांवईबापूंच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, उभी आहे.