दर्शनी हुंडी आणि घरची बॅटरी

जुन्या पेढ्यांवर दर्शनी हुंडीचा नियम साधा होता. हुंडी पुढे येताच रक्कम मोजून द्यावयाची. पेढीची पत दारावरील नावावरून नव्हे, तर त्या घटकेला ठरत असे. घरोघरी बसविलेल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीलाही हाच नियम लागू पडतो. मात्र तिच्यावरील हुंडी क्वचितच येते, म्हणून तिची पत सहसा कोणी तपासत नाही.

12 ऑक्टोबर 2020 रोजी सकाळी दहाच्या सुमारास ती हुंडी आली. कळवा-पडघा उच्चदाब वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई व उपनगरांचा वीजपुरवठा खंडित झाला; लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. घाटकोपर पूर्वेच्या एका इमारतीत पाचव्या मजल्यावर एक वृद्ध कापड व्यापारी प्राणवायूच्या यंत्रावर होते. यंत्र इन्व्हर्टरवर सुरू राहिले, हिरवा दिवाही लागलेला होता. परंतु आठव्या मिनिटाला शिटी वाजली आणि सारे बंद पडले. लिफ्ट बंद. धाकट्या मुलाने शेजारच्या इमारतीतून प्राणवायूचा सिलिंडर खांद्यावरून जिन्याने आणला. तोवरची वीस मिनिटे थोरल्या सूनबाई बापूजींचा हात धरून बसल्या होत्या.

बापूजी सावरले. दुसऱ्या दिवशी, ते सिलिंडरवर असताना, मुलाने जाणत्या वायरमनला बोलाविले. मीटर लावताच बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवू लागली, म्हणजे जवळजवळ पूर्ण भरलेली. तेथेच थांबणारा माणूस बॅटरीला निर्दोष ठरवून गेला असता. वायरमनने मात्र वीज बंद करून यंत्र चालू केले आणि दोन ठिकाणी मोजले. बॅटरीच्या टोकांवर 11.6 व्होल्ट, इन्व्हर्टरच्या टोकांवर अवघे 10.4. मधले 1.2 व्होल्ट सैल क्लॅम्प आणि हिरवट-पांढऱ्या क्षारात जिरत होते.

याचे गणित अवघड नाही. साडेतीनशे वॉटच्या यंत्राला, इन्व्हर्टरमधील घट धरून, सुमारे 35 अँपिअर प्रवाह लागतो. जोडणीत ओहमच्या तिसाव्या भागाइतका अडथळा असला तरी तेवढ्या प्रवाहाने व्होल्टभराहून अधिक घट होते. प्रवाहच नसेल तर घटही नाही. म्हणून विसाव्यातील बॅटरी नेहमीच सुदृढ भासते. क्षार सोड्याच्या पाण्याने धुऊन, टोके घासून, क्लॅम्प आवळून त्यावर पेट्रोलियम जेली लावताच मधली घट जवळपास नाहीशी झाली. उरलेला दोष बॅटरीचा होता. भार पडताच तिच्या स्वतःच्या टोकांवरील दाब झपाट्याने उतरत होता. पट्ट्या जुन्या झाल्या होत्या. ती बदलावी लागली.

हीच शिस्त पुण्याजवळ हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरसारख्या ठिकाणी समजून घेण्याजोगी आहे. ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे आकाशात बॅटरी भरून देणारे काहीच नसते. रेडिओ आणि चढ-उतार दाखविणारे विद्युत उपकरण 12 व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालते. काही ग्लायडरमध्ये दुसरी, राखीव बॅटरी असते. एकीचा प्रवाह दुसरीत शिरू नये म्हणून मध्ये डायोड बसविलेला असेल, तर तो साधारण अर्धा व्होल्ट स्वतःच खातो. राखीव बॅटरी चांगली असूनही उपकरणाशी दाब कमी दिसतो, तो कधीकधी यामुळे. रेडिओ ऐकताना प्रवाह थोडा लागतो, बोलताना पुष्कळ. म्हणून जमिनीवर असतानाच राखीव बॅटरीवर रेडिओ लावून, बोलण्याचे बटण दाबून व्होल्ट पाहणे हीच खरी परीक्षा.

उपनगरांतील अनेक घरांत आज कोणी ना कोणी यंत्रावर अवलंबून आहे. त्यांनी महिन्याचा एक रविवार ठरवावा. रुग्णाजवळ सिलिंडर तयार ठेवून मेन स्विच बंद करावा, नेहमीचा भार अर्धा तास बॅटरीवर चालवावा आणि आरंभीचे व शेवटचे व्होल्ट वहीत तारखेसह लिहावेत. भरताना बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघतो. खिडकी उघडी असावी, जवळ दिवा वा उदबत्ती नसावी. टोकांना हात लावण्यापूर्वी अंगठी काढावी. पाणी घालावयाचे ते डिस्टिल्डच.

घाटकोपरच्या त्या घरात ही वही आता दुकानाच्या रोजमेळाशेजारी असते. दर महिन्याला त्यात दोन आकडे चढतात, आणि ते थोरल्या सूनबाई स्वतःच्या हाताने लिहितात.