वाटेत आहेत

धर्मगुरुनिवासातील दूरध्वनी दिवसभर वाजत असतो. कुणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कुणाला लग्नासाठी हॉलची तारीख, तर कुणाला मृताच्या नावाने मिस्सा लावायची असते. रात्री साडेदहानंतर मात्र तो वाजला की त्याचे कारण बहुधा एकच असते. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या धर्मसेवेत आमच्या कानांना हे इतके सवयीचे झाले आहे की, रिसीव्हर उचलण्यापूर्वीच आमचा दुसरा हात तेलाच्या कुपीकडे वळतो. वळतो, असे आम्ही अभिमानाने सांगत असू. एप्रिल 2021 च्या शेवटच्या आठवड्यातील एका रात्री तो वळला नाही, आणि त्या रात्रीविषयीच आज लिहायचे आहे.

वाचकांना ते दिवस आठवत असतील. करोनाची दुसरी लाट वसई तालुक्यात घरोघर पोहोचली होती. राज्यात संचारबंदी होती, सामान्य माणसाला लोकलमध्ये पाय ठेवण्याची मुभा नव्हती. दादरच्या बाजारात फुले आणि भाजी नेणाऱ्या आमच्या बाया घरी बसून होत्या आणि केळीच्या वाड्यांत मोगरा झाडावरच सुकत होता. चर्चची दारे भाविकांना बंद होती. आम्ही रिकाम्या बाकांसमोर मिस्सा अर्पण करीत असू आणि समोर उभ्या केलेल्या मोबाइलकडे पाहून प्रवचन देत असू.

त्या रात्री फोन आला तो कुवेतहून. आमच्याच धर्मग्रामातील एक तरुण बोलत होता. त्याच्या वडिलांना चार दिवस ताप होता, संध्याकाळपासून श्वास लागत नव्हता, तीन रुग्णालयांत विचारूनही खाट मिळाली नव्हती. घरात आईशिवाय कुणी नव्हते आणि तीही तापलेली. त्याला यायला विमान मिळत नव्हते. "फादर, पप्पा तुम्हांला बोलावताहेत," एवढे म्हणून तो थांबला.

ते घर आमच्यापासून स्कूटरने दहा मिनिटांवर आहे.

आम्ही त्याला काय सांगितले ते शब्दशः आठवते. आम्ही सांगितले की, 20 मार्च 2020 रोजी रोमहून एक आदेश निघालेला आहे. त्यानुसार ज्या मरणासन्न भाविकाला रुग्णाभ्यंग संस्कार मिळणे शक्य नाही, त्याने आयुष्यात प्रार्थनेची सवय ठेवलेली असेल आणि त्याचे मन तयार असेल, तर ख्रिस्तसभा त्याला पूर्ण दंडमोचन देते. इतर अटींची उणीव ख्रिस्तसभा स्वतः भरून काढते. हे सर्व आम्ही त्या मुलाला सविस्तर समजावून दिले. मग घरचा फोन लावून घेतला, तो वडिलांच्या कानाशी धरायला लावला आणि प्रार्थना म्हटली. पलीकडून खोकल्याचा आवाज येत होता. 'आमेन' त्यांच्या पत्नीने म्हटले.

यात एकही शब्द असत्य नव्हता, म्हणूनच तो लपण्यास इतका सोयीचा ठरला. अडाणी माणूस घाबरला तर घाबरलो असे म्हणतो. आमच्यासारख्या सेमिनरीत शिकलेल्या माणसाला आपली भीती झाकायला रोमचा आदेश सापडतो. संस्कार मिळणे 'शक्य नाही', असे तो आदेश म्हणत होता. येथे अशक्य काय होते? धर्मगुरू दहा मिनिटांवर होता आणि जागा होता. धर्मसंहितेच्या हजाराव्या कलमात गंभीर कारण असल्यास हाताऐवजी एखाद्या साधनाने तेल लावण्याची मोकळीक दिलेली आहे. त्यासाठी कापूस गुंडाळलेल्या काड्याही आम्ही आदल्या वर्षीच करून ठेवल्या होत्या. त्या खणात तशाच पडून होत्या. आणि बाप्तिस्मा प्रसंगी कुणीही देऊ शकतो, पण हे तेल धर्मगुरूवाचून दुसरा कुणी लावू शकत नाही. म्हणजे आम्ही गेलो नाही तर कुणीच जाणार नव्हते.

आमची बाजू मांडायची तर मांडता येईल. आम्हांला मधुमेह आहे. त्या महिन्यांत देशभरात कितीतरी धर्मगुरू आणि धर्मभगिनी या आजाराने गेल्या, त्यांत आमचा एक वर्गबंधूही होता. डॉक्टरांनी बजावले होते. शहाणपण आणि भ्याडपणा यांच्यामधला बांध फार अरुंद असतो, हे खरे. पण आपण त्याच्या कोणत्या बाजूला उभे आहोत हे ज्याचे त्याला आतून कळत असते, आणि आम्हांलाही ते कळत होते. आम्ही दिवा मालवला नाही. प्रार्थनाग्रंथ उघडला, पण तोच स्तोत्राचा भाग तीनदा वाचूनही डोक्यात शिरेना. गोरेगावच्या सेमिनरीत असताना आम्ही फादर डेमियन यांच्यावर निबंध लिहिला होता, तो मात्र आठवत राहिला. 1873 साली ते मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांमध्ये राहायला गेले आणि 1889 साली त्याच रोगाने वारले. तेव्हा ते संत घोषित व्हायचे होते, तो मान त्यांना 2009 साली मिळाला. निबंधाला आम्हांला चांगले गुण मिळाले होते.

पहाटे पावणेपाचला आम्ही उठलो, मास्क लावले, कुपी घेतली आणि स्कूटर काढली. नाक्यावर पोलीस होते. त्यांनी झगा पाहिला आणि न विचारता जाऊ दिले. एवढेच सोपे होते ते.

साडेतीनला प्राण गेला होता.

ओट्यावर शेजारची बाय बसली होती. केस ओले होते, विहिरीवर नुकतीच न्हाऊन आली असावी. तिला तेथे पाहून आम्ही क्षणभर दारातच थबकलो. याचे कारण धर्मग्रामातील कुणालाही सांगावे लागणार नाही, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. या दोन घरांत अकरा वर्षे बोलणे नव्हते. दोन वाड्यांमधला एक बांध, त्यावरची चार नारळाची झाडे आणि पाटाचे पाणी यांवरून भांडण सुरू झाले. पुढे जमिनीला बिल्डरचे भाव आले तसे ते न्यायालयात गेले. आम्ही या धर्मग्रामात नवीन असताना समेटाचा प्रयत्न केला होता. तिला बोलावून क्षमेवर अर्धा तास उपदेश केला. तिने शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "फादर, क्षमा मी केली. बांध माझा आहे." आम्ही तिला मनातल्या मनात हट्टी आणि भौतिकवादी ठरवून मोकळे झालो होतो.

त्या रात्री बाराच्या सुमारास तिला भिंतीपलीकडून त्या बाईचे ओरडणे ऐकू आले. ती उठली, तोंडाला पदर बांधला आणि त्याच वादाच्या बांधावरून पलीकडे गेली. तिने माणसाला कुशीवर वळवले, पाठीशी उशा लावल्या, ओठ ओल्या कापसाने पुसत राहिली. पत्नीला तापात भोवळ येत होती, तिला आतल्या खोलीत निजवले. जपमाळ म्हणत राहिली. हे सगळे तिने आम्हांला ओट्याच्या एका टोकाला बसून सांगितले. आम्ही दुसऱ्या टोकाला उभे होतो. तिचे शब्द तिच्या सामवेदी बोलीतले, आम्ही ते येथे प्रमाण मराठीत देत आहोत.

"रात्रभर विचारत होते, फादर आले का, फादर आले का."

"मग?"

"मी म्हणाले, वाटेत आहेत."

आम्ही काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "खोटे बोलले मी. मरणाऱ्या माणसाशी. याचे पाप लागेल का हो, फादर?"

हे तिने पापनिवेदनात विचारले नाही, ओट्यावर विचारले, म्हणूनच ते लिहिता येते. आणि आज ते तिच्या परवानगीने लिहिले आहे. त्या वेळी आम्ही तिला काय उत्तर दिले? "नाही, बाय," एवढेच. ते खोटे कुणाच्या वाट्याचे होते हे तिला ठाऊक नसेल असे आम्हांला वाटत नाही. पण तिच्या चेहऱ्यावर टोमण्याची रेषाही नव्हती. तिला खरोखरच पापाची चिंता होती.

दफन दुपारी झाले. प्लास्टिकचे पोशाख घातलेल्या आमच्या युवा संघाच्या चार मुलांनी शवपेटी उचलली. आम्ही दुरून पवित्र पाणी शिंपडले.

यापुढचे लिहिणे अधिक अवघड आहे. ती बरी झाल्यावर त्या विधवेने 'वाटेत आहेत' हे शब्द आपल्या परीने पूर्ण केले. फादर रात्रीच निघाले होते, पोलिसांनी नाक्यावर अडवून ठेवले, पहाटे सोडले, असे ती सांगू लागली. गोष्ट वाडीतून गावात आणि गावातून धर्मग्रामात पसरली. आम्ही ती पसरू दिली. 2022 च्या चर्चच्या सणाला, मंडप पुन्हा उभा राहिला तेव्हा, करोनाकाळातील सेवेबद्दल काही जणांचा सत्कार झाला. त्यात आम्हांलाही शाल आणि श्रीफळ देण्यात आले. सूत्रसंचालकाने त्या रात्रीचा उल्लेख केला. टाळ्या झाल्या. बाय तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. तिचे नाव सत्काराच्या यादीत नव्हते. यादी आमच्या संमतीने तयार झाली होती.

ती शाल आम्ही कधी पांघरू शकलो नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात कोळशाची शेगडी दोनदा येते. एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जेथे पेत्र शेकत उभा राहून प्रभूला नाकारतो, आणि दुसऱ्यांदा पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी, जेथे प्रभू स्वतःच विस्तव पेटवून त्याच्यासाठी मासे भाजतो. सेमिनरीत हा योगायोग नाही असे शिकलो होतो आणि वर्षानुवर्षे प्रवचनात सांगतही आलो. पेत्राला थंडी वाजत होती, ही साधी गोष्ट मात्र आमच्या लक्षात आली नव्हती. त्याला प्रभूचा द्वेष नव्हता, त्याला ऊब हवी होती. गेथशेमाने बागेतही शिष्यांकडून प्रभूने तलवार मागितली नाही की युक्तिवाद मागितला नाही, घटकाभर आपल्यासोबत जागे राहा, एवढेच मागितले. ते तेवढेही जमले नाही. क्रुसाखाली ज्या उभ्या राहिल्या त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या, आणि त्यांनी तेथे काही केले असे शुभवर्तमान सांगत नाही. त्या होत्या, इतकेच सांगते.

आम्हां धर्मगुरूंचा मोठा वेळ चर्चच्या रंगात, हॉलच्या बांधकामात आणि सणाच्या हिशेबात जातो. धर्मसंहितेच्या 529 व्या कलमात प्रमुख धर्मगुरूने कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंतांत व दुःखांत सहभागी व्हावे, आजाऱ्यांची, विशेषतः मरणोन्मुखांची, आस्थेने काळजी घ्यावी असे सांगितले आहे. वर्धापनाच्या अहवालात या कलमाला रकाना नसतो, ही आमची तक्रार नव्हे, सोय आहे. 15 मे 2022 रोजी पोप फ्रान्सिस यांनी शार्ल द फुको यांना संत घोषित केले. सहाराच्या वाळवंटात तुआरेग लोकांमध्ये ते अकरा-एक वर्षे राहिले आणि 1916 साली मारले गेले. धर्मांतरे मोजली तर त्यांच्या खात्यावर जवळजवळ काहीच जमा नाही. ते केवळ शेजारी होते. त्या दिवशीच्या मिस्सेत आम्ही त्यांच्यावर बोलायचे ठरवले होते, टिपणे काढली होती. समोर बाय दिसली आणि आम्ही टिपणे घडी घालून ठेवली, रविवारच्या वाचनावर दहा मिनिटे बोलून संपवले.

विधवेला सांगायला आम्हांला आणखी दीड वर्ष लागले. 2023 च्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी, दफनभूमीत मेणबत्त्या लावून लोक पांगल्यावर आम्ही तिच्याजवळ गेलो आणि सांगितले की, आम्हांला कुणी अडवले नव्हते. आम्ही घरीच होतो. आम्ही घाबरलो होतो. तिने वाऱ्याने विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवली, ती पुन्हा विझली. "बरे," ती म्हणाली आणि निघून गेली.

त्यानंतर कित्येक रविवार ती ख्रिस्तप्रसादासाठी आमच्या रांगेत आली नाही. धर्मभगिनींच्या रांगेत उभी राही. तिचा तो हक्क होता. मुलगा कुवेतहून सुट्टीवर आला तेव्हा आम्हांला येऊन भेटला, त्याला सांगणे जास्त कठीण गेले. तो खूप बोलला, ते येथे लिहीत नाही. जाताना त्याने दार आपटले नाही, एवढे मात्र लिहितो. पुढे पुनरुत्थानाच्या सणाच्या जागरणविधीत त्याची आई आमच्या रांगेत दिसली. गर्दीत रांगा चुकतात, तसेच झाले असेल. आम्ही ख्रिस्तप्रसाद पुढे केला आणि तिने 'आमेन' म्हटले.

बांधाचा दावा अजून चालू आहे. दोन्ही घरे तारखेला जातात. आता एकाच रिक्षाने जातात, असे ऐकतो.

तेलाची कुपी आता आमच्या खोलीत नसते. दाराजवळच्या खिळ्याला स्कूटरच्या किल्लीसोबत टांगलेली असते. भीती अजून वाटते. मागल्या पावसाळ्यात मध्यरात्री एका म्हातारीसाठी फोन आला. वीज गेली होती, वाटेत पाणी साचले होते. स्कूटर बंद पडली, म्हणून शेवटचा पल्ला चिखलातून चालत गेलो. पोहोचलो तेव्हा दाराशी बायची चप्पल दिसली. आत कंदिलाच्या उजेडात ती म्हातारीच्या उशाशी स्टुलावर बसली होती. आम्हांला पाहून ती उठली, पदराने स्टूल पुसले.

"आले बघ फादर," ती म्हातारीच्या कानाशी वाकून म्हणाली.