सीमोल्लंघनाच्या वाटेवर रामशेज

शरद ऋतू आल्याची खूण नाशिकच्या उत्तरेकडील शिवारात आकाशाआधी मातीत उमटते. पावसाळाभर चिखलाने भरलेल्या गाडीवाटा आश्विनात वाळून कडक होतात, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या विटेसारख्या घट्ट होतात आणि मुरमाड उतारांवर चाकाला पकड मिळू लागते. त्यामुळे नाशिककर सायकलस्वारांचे गट डांबरी रस्ता सोडून रानवाटांना लागतात ते याच दिवसांत. त्यासाठी लागणारी माउंटन बाइक म्हणजे रुंद, खाचदार टायरांची, पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी आणि चढावर पाय न थकवणारे हलके गिअर असलेली सायकल. या शहरात सायकलीची आवड मुरलेली आहे: इथून दरवर्षी पंढरपूरला सायकल वारी जाते, आणि सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा २०१५ मध्ये दोघांच्या संघाने पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच.

पंचवटीतून उत्तरेकडे निघालेला गट म्हसरूळला पोहोचतो तेव्हा ऊन अजून कोवळे असते. इथल्या डोंगरातील चामरलेणी ही अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास कोरलेली जैन लेणी असून दिगंबर परंपरेत या स्थानाला गजपंथ सिद्धक्षेत्र म्हणतात. चारशेहून अधिक पायऱ्या चढून गेल्यास पुढचा सगळा मुलूख नजरेखाली येतो, आणि या प्रवासाच्या दृष्टीने लेण्यांइतकेच हे दृश्यही महत्त्वाचे आहे. कारण त्या मोकळ्या माळाच्या पलीकडे एकटा उभा असलेला, माथा सपाट तासल्यासारखा दिसणारा डोंगर म्हणजे रामशेज.

पुढच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कुरडूचे पांढरे-गुलाबी तुरे, बांधावर पिवळी सोनकी आणि मध्येच बाभळीची झाडे लागतात. बाभळीचा वाळलेला काटा टायरमधून थेट ट्यूबमध्ये शिरतो, आणि पंक्चर काढताना टायरच्या आतून बोट फिरवून तो मोडका काटा शोधावाच लागतो, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते. सर्वांत शेवटी चालणारा अनुभवी स्वार, ज्याला गटात ‘स्वीप’ म्हणतात, तो अशा वेळी मागे थांबतो. पुढे गेलेले पुढच्या फाट्यावर सावली धरतात.

आशेवाडी हे रामशेजच्या पायथ्याचे गाव. वनवासात रामाने इथे विसावा घेतला म्हणून ही रामाची शेज, अशी लोकश्रद्धा आहे, आणि गडावर गुहेत रामाचे मंदिर आहे. मुघलांनी या गडाला घातलेल्या वेढ्याची हकीकत वाचून आलेल्याला हा गड पाहून प्रथम आश्चर्यच वाटते. सह्याद्रीच्या मुख्य रांगेतील किल्ल्यांसारखे दाट रान, खोल दऱ्या, दुसऱ्या डोंगरांचा आडोसा यांपैकी काहीही त्याच्या अंगाशी नाही, आणि पायथ्यापर्यंत सायकल सहज जाते. तरीही एप्रिल १६८२ मध्ये औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन खान याने घातलेला वेढा फळाला आला नाही. त्याने गडाच्या उंचीशी बरोबरी करणारा लाकडी दमदमा, म्हणजे वर चढून तटावर मारा करता यावा असा बुरूज उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा किल्लेकऱ्यांनी लाकूड पोखरून तोफा केल्या, असे मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. संभाजी महाराजांनी रूपाजी भोसले आणि मानाजी मोरे यांना कुमकेस धाडले. शहाबुद्दीननंतर आलेल्या बहादूरखानालाही यश आले नाही, आणि गड १६८७ च्या सुमारापर्यंत मराठ्यांकडे राहिला; तोही अखेर फितुरीने गेला. सायकलने माळ ओलांडून आल्यावर या यशाचे एक कारण डोळ्यांना पटते. जो माळ वेढा घालणाऱ्याला सोयीचा, तोच गडावरच्या पहारेकऱ्यालाही सोयीचा होता. म्हसरूळपासून गडापर्यंत लपून येण्याजोगी जागाच नाही, आणि त्यावर माथ्याला कातळाचा उभा कडा आहे. १८१८ मध्ये त्र्यंबकगड इंग्रजांनी घेतला तेव्हा रामशेजही त्यांच्या हाती गेला.

पूर्वी दसऱ्याला सीमोल्लंघन करून फौजा मुलुखगिरीला निघत, कारण पाऊस सरलेला, नद्या उतरलेल्या आणि वाटा वाळलेल्या असत. या शिवारातले नवे वर्षही त्याच सुमारास सुरू होते, फक्त आता ते द्राक्षाचे असते. दिंडोरीच्या बाजूने परतताना बागांमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठी केली जाणारी ऑक्टोबर छाटणी, चाललेली दिसते. एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी असते. युरोपात द्राक्षवेल हिवाळ्यात झोपतो आणि थंडी सरल्यावर आपोआप फुटतो, पण नाशिकची थंडी त्याला झोपवण्याइतकी कडक नसते. म्हणून छाटलेल्या काडीच्या डोळ्यांवर हायड्रोजन सायनामाइड लावून सर्व डोळे एकाच वेळी फोडावे लागतात. बागेत याला नुसते ‘पेस्ट लावणे’ म्हणतात.

हातमोजे घातलेल्या मजूर बाया ओळीने चालत प्रत्येक डोळ्याला औषधाचा बोळा टेकवतात, एकही डोळा न चुकवता. गट बांधावर सायकली टेकवून बाटल्या भरून घेतो. पानगळ झालेल्या मांडवाच्या तारांतून मागे रामशेजचा माथा दिसतो आणि खाली काड्यांच्या छाटलेल्या टोकांतून पाणी ठिबकत असते.