पेढी आणि पदवी

रत्नागिरीच्या राम आळीतील व्यापाऱ्याचा मुलगा पुण्याच्या निकमारमध्ये स्थावर मालमत्ता व्यवस्थापन शिकू इच्छितो. २०१७ साली महारेरा आल्यापासून या व्यवसायात नोंदणी व हिशेब काटेकोर झाले आहेत. त्याची इच्छा अवाजवी नाही. वडिलांना मात्र कर्जाचा संकोच. फी पेढीतूनच द्यावी, असे त्यांना वाटते. पण माल भरण्याचे भांडवल फीत गेले, तर पेढीच अडेल. बँकेच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा शिक्षण संपल्यावरच सुरू होतात. व्याज तोवर चढते, म्हणून ते दरमहा भरत राहणे हिताचे. जुन्या करपद्धतीत हे व्याज ८ वर्षांपर्यंत उत्पन्नातून वजा होते. नातलगांच्या उसनवारीला ती सवलत नाही. शिवाय कर्जावर पित्यासोबत पुत्राचीही सही असते. ऋणाची ती जाणीव अभ्यासालाही शिस्त लावते.