सोलापूरकरांना विचारून तर बघा!

चादर, चटणी आणि 'काय बे' एवढ्यावर सोलापूर संपत नाही. गिरण्या गेल्या, पोरं पुण्याला गेली आणि मागे राहिलेल्यांकडे आपलं शहर सुधारायची भली मोठी यादी आहे. त्या यादीतलं एक कलम तर थेट तुमच्या-आमच्या नावावर आहे!

तुमच्या ऑफिसात एक तरी सोलापूरकर असणारच. ओळखायला सोपा. घरी फोन लावला की दोन वाक्यं मराठीत, तिसरं कन्नडमध्ये नाही तर तेलुगूत. डब्यात शेंगाचटणी. आणि शुक्रवारी दुपारनंतर त्याचं लक्ष कामात कमी, घड्याळात जास्त. संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस गाठायची असते ना!

या गाडीचं नाव हुतात्मा का, हे मात्र पुण्यात फार थोड्यांना ठाऊक असतं. 1930 साली इंग्रजांनी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. चार माणसं, चार जातकुळ्या, गाव एक. सोलापूरच्या चौकात त्या चौघांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. एकेकाळी या गावात भलतीच धमक होती, हे सांगायला आणखी काय हवं?

मग आज हे शहर मागे का पडलं? दोन आकडे बघा. 2001 ते 2011 या दहा वर्षांत पुणे महापालिकेची लोकसंख्या 25.38 लाखांवरून 31.24 लाखांवर गेली, म्हणजे सुमारे 23 टक्के वाढ. सोलापूरची 8.72 लाखांवरून 9.51 लाख. जेमतेम 9 टक्के. पाळणे तर तिकडेही हलतातच की! मग माणसं गेली कुठे? सकाळी नऊ वाजता हिंजवडीच्या बसस्टॉपवर उभे राहा, उत्तर मिळेल.

एका वीकेंडला आम्ही हुतात्मा पकडली आणि सोलापुरात भेटेल त्याला एकच प्रश्न विचारला : 'तुमच्या हातात दिलं तर काय सुधाराल?' रिक्षावाले, चादरीचे दुकानदार, विड्या वळणाऱ्या अक्का, निवृत्त मास्तर, कॉलेजची पोरं. सोलापुरी माणूस बोलायला लाजत नाही. 'मालक' म्हणून सुरुवात करतो आणि चहा संपेपर्यंत अख्खी महापालिका चालवून दाखवतो.

चिमणी उभी राहिली, चिमणी पडली

सोलापूर हे मूळचं गिरणगाव. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी ही नावं इथल्या आजोबांच्या पिढीला घरच्या माणसांसारखी. भोंगा वाजला की गावाचा दिवस सुरू व्हायचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक भोंगा गप्प होत गेला. मागे राहिले यंत्रमाग, ते चालवणारी तेलुगूभाषक पद्मशाली कुटुंबं आणि सोलापुरी चादर. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं, टॉवेलला मिळालं. पण दुकानदाराला विचारा, तो कपाळावर हात मारून घेतो. देशभर 'सोलापुरी' म्हणून खपणारा बराचसा माल पानिपतचा! नाव आमचं, गल्ला त्यांचा. त्याची मागणी अगदी साधी आहे : नव्या कारखान्याचं नंतर बघू, आधी जे आमच्या नावानं चाललंय ते आमच्याकडून तरी घ्या.

आणि नियतीचा विनोद बघा. चिमण्यांच्या या गावात गेली काही वर्षं सगळ्यात मोठं भांडण झालं ते एका चिमणीवरूनच. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होटगी रोडच्या विमानतळाच्या वाटेत येत होती. निम्मं गाव म्हणे, विमान आल्याशिवाय उद्योग येणार नाही. उरलेलं म्हणे, असलेला कारखाना आणि उसाचा शेतकरी मोडून कसला उद्योग? अखेर 15 जून 2023 रोजी ती चिमणी पाडली गेली. सप्टेंबर 2024 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, जून 2025 मध्ये गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरात मुंबईचं.

आता तरी खूश? एका रिक्षावाल्यानं मान हलवली. विमान चांगलंच आहे, मालक, तो म्हणाला, पण विमानातून उतरलेला पाहुणा घरी गेल्यावर त्याला आंघोळीला पाणी नको का?

आधी नळ

सगळ्या उत्तरांचा पहिला नंबर हाच. पाणी! सोलापुरात वर्षानुवर्षं तीन-चार दिवसांआड नळ येत आलाय, उन्हाळ्यात तर त्याहून उशिरा. पुण्यात आपण वीकेंडचा प्लॅन पिक्चरच्या शोवरून ठरवतो, तिथं बायका नातेवाइकांकडे जायचा दिवस नळावरून ठरवतात. ज्याच्या घरात जागा त्याची टाकी मोठी. ज्याची खोली दहा बाय दहा, त्याचे पिंप, घागरी, बादल्या आणि रात्री दोनचा गजर.

बरं, पाणी नाहीच म्हणावं तर तसंही नाही. उजनी धरणात शंभर टीएमसीहून जास्त पाणी मावतं. पण ते शहरापासून सुमारे 110 किलोमीटरवर. एक जलवाहिनी थेट धरणातून येते. दुसरी वाट भीमा नदीची : धरणातून नदीत पाणी सोडायचं, वाटेत ते मुरणार, उपसलं जाणार आणि उरलेलं औज-टाकळीच्या बंधाऱ्यात अडवून शहरात आणायचं. पेलाभर पाण्यासाठी पिंप रिकामं करण्यातला प्रकार! म्हणून दुसऱ्या, समांतर जलवाहिनीचा घोष इथं इतकी वर्षं चालला.

पण जाणत्या सोलापूरकराचं म्हणणं याच्या एक पाऊल पुढचं आहे. पाणी शहराच्या वेशीपर्यंत आलं म्हणजे नळाला आलं असं नाही. 1992 साली हद्द वाढली आणि आजूबाजूची गावं शहरात आली. त्यांच्या पत्त्यावर 'सोलापूर' लागलं, पण नळ, ड्रेनेज आणि रस्ता पत्त्यामागून रांगत रांगत आला. तेव्हा मोठ्या पाइपाबरोबर गल्लीतला छोटा पाइपही बदला, टाक्या बांधा, गळती शोधा. यात फीत कापायला काही नसतं. त्यामुळेच ते मागे राहतं, असं एक निवृत्त मास्तर शांतपणे सांगून गेले.

2016 च्या जानेवारीत स्मार्ट सिटीची पहिली यादी आली, तेव्हा देशातल्या 20 शहरांत पुणं दुसरं होतं आणि सोलापूर चक्क नववं! गावानं तेव्हा फटाके वाजवायचे तेवढे वाजवले. पार्क स्टेडियमचं रूप पालटलं, महापालिकेच्या आवारातली इंद्रभुवनची देखणी इमारत उजळली. रस्ते मात्र इतक्यांदा खणले गेले की गाव त्यावर जोक करून थकलं. कॉलेजच्या पोरांना स्टेडियम आवडतंच, त्यांना कुणी त्याबद्दल नावं ठेवली की राग येतो. त्यांच्या आया मात्र विचारतात : स्मार्ट झालं, पण पाणी रोज कधी?

हे कलम आपल्या नावावर

आता ते आपलं कलम. जरा नकाशा आठवा. पुण्यातली मुळा-मुठा पुढे जाऊन कुणाला मिळते? भीमेला. आणि भीमा? उजनीला. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधून प्रक्रिया न होता नदीत जाणारं सांडपाणी पाण्याच्या वाटेनं सोलापूरच्या दिशेनंच निघतं. आपण सकाळी फ्लश ओढतो आणि विसरतो. उजनीचा जलाशय विसरत नाही. तिथला हिरवा तवंग आणि पाण्याचा वास हा तिकडच्या माणसाच्या बोलण्यातला नेहमीचा विषय आहे.

याबद्दल चिडून बोलणारं तिथं फारसं कुणी भेटलं नाही, आणि तेच जास्त टोचलं. एक अक्का तर हसत म्हणाल्या, पोरगं पुण्यात आहे, पाणी पण पुण्याचंच पितो! सोलापूर सुधारायचं तर एक काम सोलापूरच्या महापालिकेच्या हातातच नाही. ते पुणे आणि पिंपरी-चिंचवडनं करायचं आहे. आपल्या नगरसेवकाला मेट्रो आणि पार्किंगचं विचारताना सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाचंही विचारलं, तर 250 किलोमीटरवरचं कुणीतरी दुवा देईल.

वाट न बघता

सोलापूर नुसतं मागत बसतं असा समज करून घेऊ नका. घराघरांत सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या हजारो बाया या शहरात आहेत. पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, दिवसाला हजार विड्यांचा हिशोब. राहायला भाड्याची पत्र्याची खोली. या बायांनी संघटनेतून स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या, पैसे जमवले, सरकारी अनुदानासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. कुंभारीत त्यांची 10 हजार घरं उभी राहिली, ती 2006 मध्ये ताब्यात मिळाली. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांचं नाव त्या वसाहतीला आहे. त्याच वाटेनं पुढे 30 हजार घरांचं रे नगर आखलं गेलं आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यातल्या पहिल्या 15 हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणाऱ्या, बांधकामावरचे मजूर... ज्यांच्याकडे बँक ढुंकून बघत नाही, ते एका रात्रीत नव्हे, पण घरमालक झाले!

पण त्यांनाही विचारलंच, आता काय सुधाराल? उत्तर तयार होतं : बस. घर शहराबाहेर, काम शहरात. सोलापूरच्या परिवहनच्या बसगाड्या इतक्या कमी की बसस्टॉप ही सावलीसाठी बांधलेली जागा वाटावी. रिक्षात रोज पैसे गेले तर वळलेल्या विड्यांतून उरणार काय? नव्या पुलापेक्षा वेळेवरची बस आम्हाला जास्त कामाची, असं त्यांचं सरळ गणित आहे.

पोरं परत येतील?

शेवटी सगळ्या गप्पा इथंच येऊन थांबतात. गावात विद्यापीठ आहे (2004 पासून), इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. पोरगं शिकतं आणि डिग्री घेतली की बॅग भरतं. 'आयटी पार्क आणा' ही मागणी म्हणूनच सगळ्यात जोरात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर काय झालं, कितीतरी पोरं घरी आली, आईच्या हातची कडक भाकरी खात पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरातून करू लागली. नेट चाललं, पगार पुरून उरला. मग ऑफिसनं परत बोलावलं आणि शहर पुन्हा रिकामं वाटायला लागलं.

सगळ्यांनाच आयटी पार्क हवंय असंही नाही. काहींचा फंडा वेगळा आहे. ते म्हणतात, आमच्याकडे कापडाची अक्कल दीडशे वर्षांची. युनिफॉर्म शिवण्याच्या धंद्यात सोलापूरनं नाव कमावलंय. मग डिझाइन, ब्रँडिंग, ऑनलाइन विक्री इथल्या पोरांना शिकवा की! एसीतली खुर्ची पुण्यातच असते असं कुणी सांगितलं?

मला विचाराल तर दोन्ही बाजू बरोबर आहेत, फक्त क्रम महत्त्वाचा. रोज पाणी, वेळेवर बस, मग काम आणि मग विमान. ज्या गावात नळाची वेळ सांभाळण्यासाठी घरात एक माणूस कायम अडकून पडतो, तिथं ऑफिस उघडायला कंपनी कशी येणार आणि आली तरी तुमची बायको किंवा नवरा तिथं राहायला तयार होईल का?

जाताय ना?

पुण्याहून चार तासांचा प्रवास. संध्याकाळची हुतात्मा पकडा, नाही तर मुंबईहून येणारी वंदे भारत. जानेवारीत गेलात तर झक्कास! सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा, उंचच उंच नंदीध्वज, सायंकाळी तलावाकाठची गर्दी आणि शेतात हुरडा. भुईकोट किल्ला बघा, डॉ. कोटणीसांचं स्मारक बघा. चादर घेताना ती सोलापुरात विणलेली आहे ना, हे दुकानदाराला दोनदा विचारा. त्याला राग येणार नाही, उलट चहा मिळेल.

आणि मुक्कामाला कुणाच्या घरी असाल तर बादली जपून वापरा. ते पाणी कधी आलं आणि पुन्हा कधी येणार, हे त्या घरात सगळ्यांना तोंडपाठ असतं.