तापीच्या काठी, खोटा बेडूक घेऊन

बेळगावहून बुऱ्हाणपूर म्हणजे काही जवळचा प्रवास नव्हे. गोवा एक्स्प्रेसने मिरज, पुणे, मनमाड करत भुसावळ गाठायचे आणि तिथून खांडव्याकडे जाणारी गाडी पकडायची. मग तासाभराचा रस्ता. दोन्ही अंगांना केळीच्या बागा. रावेर मागे पडले की मध्य प्रदेश सुरू होतो, पण तो कुठे सुरू झाला ते कळत नाही. चहावाला हिंदीत ओरडतो, शेजारच्या बाई त्याला मराठीत भाव विचारतात आणि तो बरोबर पैसे परत देतो. घरात मराठी, गल्लीत कन्नड, बाजारात दोन्ही, अशा वातावरणात वाढलेल्या आपल्यासारख्यांना त्याचे काय नवल!

माझी धाकटी बहीण या गावात दिली, त्याला आता बावीस वर्षे झाली. मेहुण्यांचे चार यंत्रमाग. आपल्या शहापूर-वडगावातून जाताना जो खडखडाट कानावर येतो, तोच इथल्या गल्ल्यांतूनही ऐकू येतो. मेहुणे गेल्या वर्षी गेले. त्यानंतरची ही पहिली भाऊबीज. ओवाळून झाल्यावर बहीण हळूच म्हणाली, "दादा, तू त्याच्याशी बोल. माग विकून बेळगावला चल म्हणावं. माझं ऐकत नाही."

तो म्हणजे माझा भाचा. वय वीस. पूर्वी मामा आला की खांद्यावर चढणारा पोरगा आता हो-नाही एवढेच बोलत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच म्हणाला, "मामा, नदीवर येता? गळ टाकायला?"

मी लगेच चप्पल पायात घातली.

नदी म्हणजे तापी. बैतूल जिल्ह्यात मुलताईला उगम, पुढे पश्चिमेकडे वाहत सुरतेजवळ समुद्र. सूर्याची लेक म्हणून तिला इकडे फार मान. सुमारे १४०० साली फारुकी सुलतानांनी तिच्या काठी हे शहर वसवले आणि खुलदाबादेत चिरविश्रांती घेणारे सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्याला दिले. पुढे ते मोगलांचे दख्खनेतले मोठे ठाणे झाले. मिर्झाराजे जयसिंगांचा अंत १६६७ मध्ये इथेच झाला, आणि १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने याच शहराच्या पेठा लुटल्या. आम्ही रिक्षाने राजघाटावरून गेलो. पात्रात तो प्रसिद्ध दगडी हत्ती बसलेला. वर शाही किल्ल्याच्या भिंती, पलीकडे जैनाबाद. बायका पाण्यात दिवे सोडत होत्या, मुले माशांना कणकेच्या गोळ्या टाकत होती.

"इथं नाही टाकायचा," भाचा म्हणाला. "घाटावरचे मासे लोकांच्या श्रद्धेचे. आणि खालच्या अंगाला गावाचं सांडपाणी येतं. आपण वर जाऊ."

शहराच्या वरच्या बाजूला, खडकांच्या कडेने पाणी संथ झाले होते, तिथे आम्ही उतरलो. तिथल्या भोई मंडळींना त्याने आधी विचारून घेतले. नदीवर कोणाचा तरी हक्क असतो, कोणाचे तरी पोट असते. १६ जून ते १५ ऑगस्ट या काळात मध्य प्रदेशात मासेमारी बंदच असते, कारण ते दिवस माशांच्या विणीचे. आता कार्तिक लागलेला, गाळ खाली बसून पाणी निवळलेले.

गाळ या शब्दावरून आठवले. कन्नडमध्ये माशाच्या गळाला 'गाळ' म्हणतात आणि मराठीत गाळ म्हणजे नदीतला चिखल. मी भाच्याला ते सांगितले, तेव्हा माझे दोन्ही पाय मराठी गाळात होते आणि हातात कन्नड गाळ. त्या दोन दिवसांत तो पहिल्यांदा हसला.

आमच्या लहानपणी वडील मार्कंडेय नदीवर न्यायचे. वेळूची काठी, गांडुळांचा डबा आणि तासन् तास बसणे. भाच्याची तऱ्हा वेगळी. त्याच्या पिशवीत गांडूळ नव्हतेच. पितळी चमचे, फिरत्या पात्याचे स्पिनर, लाकडी मासोळ्या आणि एक हिरवा रबरी बेडूक. सगळे खोटे! ते पाण्यात टाकून स्वस्थ बसायचे नसते. फेकायचे, रीळ फिरवत ओढायचे, मधेच थांबवायचे. जखमी जीव तडफडतो आहे असे माशाला वाटले पाहिजे. म्हणून या आमिषाला फक्त शिकारी मासे भुलतात, म्हणजे मरळ, शिवडा असले. रोहूला त्याचे काही नाही. त्याला कणीकच हवी. मध्य प्रदेशाने २०११ मध्ये ज्याला राज्याचा मासा ठरवले तो महासीर खोट्या आमिषावर झेपावतो खरा, पण त्याला वाहते, स्वच्छ पाणी लागते. त्याची आशा आम्ही धरली नव्हती.

फिनलंडच्या लौरी रापाला नावाच्या कोळ्याने १९३६ मध्ये बुचाच्या लाकडाची मासोळी कोरली आणि तिला चॉकलेटची चांदी गुंडाळली, हे भाच्याने मला मोठ्या कौतुकाने सांगितले. मग मीही आपले घोडे पुढे दामटले. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर, म्हणजे आपल्या बसवकल्याणचा, त्याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. गळ, दोरी, काठी, कोणत्या माशाला कोणते खाद्य, सगळे त्यात येते. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही नोंदही त्याच ग्रंथातली. कन्नड मुलखातल्या राजाने मासाही टिपला आणि मराठी ओवीही!

"म्हणजे मामा, आपण राजाचा खेळ खेळतोय," भाचा म्हणाला.

ऊन उतरले. बारीक मासळी काठाशी आली, तिच्या मागे मोठे मासे येणार. झुडपांजवळ पाण्यावर दोन बुडबुडे फुटले. मरळ हवा घ्यायला वर येते, ती तिची खूण. भाच्याने बेडूक अलगद झुडपांपलीकडे टाकला आणि काठी माझ्या हातात दिली.

"ओढा. थांबा. परत ओढा. घेतला तरी लगेच झटका देऊ नका, तोंडात जाऊ द्या."

"निधान," मी स्वतःशीच म्हणालो. वडील हेच म्हणायचे, सावकाश.

आणि पाणी फुटले! बेडूक नाहीसा झाला. मी घाईने झटका दिला आणि रिकामा बेडूक उडून माझ्याच पायाशी पडला. भाचा काही बोलला नाही. त्याने काठी घेतली, दहा मिनिटे तीच जागा धरून ठेवली आणि पुन्हा टाकला. या वेळी मरळ आली. हातभर लांब, काळपट, पोटाला पांढरी. त्याने ओले हात करून ती धरली, पक्कडीने गळ काढला आणि पाण्याकडे वाकला.

"सोडतोस?"

"नेहमीच सोडतो." थोडे थांबून म्हणाला, "बाबा होते तेव्हा घरी न्यायचो. त्यांना आवडायची. आता आई मासा करतच नाही."

मग तो आपणहून बोलू लागला. "आईनं तुम्हाला सांगितलंय ना, माग विकायचं? विकीन मामा. पण दोन कामगार बाबांच्या वेळचे आहेत. त्यांची सोय लावल्याशिवाय नाही. आईला वाटतं मी अडून बसलोय."

पलीकडे जैनाबादच्या झाडीत अंधार उतरत होता. त्या बाजूला आहुखाना. १६३१ च्या जूनमध्ये मुमताजमहल बाळंतपणात याच गावी गेली. तिला आधी तिथेच पुरले होते. ताजमहालाची ती बेगम सहा महिने तापीकाठी होती, मग डिसेंबरात तिला आग्र्याला नेले. शहाजहान बादशहालाही तिला तिथून हलवायला अर्धे वर्ष लागले. या पोराला वर्ष झाले तर काय बिघडले?

मी एवढेच म्हटले, "आज सोडू नकोस. घरी ने."

त्याने माझ्याकडे पाहिले, मग पिशवी उघडली.

दारात बहिणीने मासा पाहिला आणि क्षणभर नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "खवले काढून द्या बाहेरच. आणि चिंच संपलीय, घेऊन ये रे." माहेरच्या पद्धतीने ओले खोबरे वाटून तिने कालवण केले. वाढताना तिने मला विचारले, "बोललास का?" मी म्हटले, "तो बोलला. जेवण झालं की तूच त्याला विचार." मी अंगणात शतपावली करत राहिलो. आत बराच वेळ दोघांचे आवाज येत होते. माग मार्चपर्यंत चालणार, असे सकाळी कळले.

बुऱ्हाणपूरला जाल तर शाही किल्ल्यातले हमाम, जामा मशीद, आणि जमिनीखालून सातपुड्याचे पाणी शहरात आणणारा १६१५ चा कुंडी भंडारा जरूर पाहा. असीरगड जवळच आहे. मावा जिलेबी खा. पण एक संध्याकाळ नदीसाठी राखून ठेवा, आणि घरातले जे माणूस हल्ली कमी बोलते, त्याला बरोबर न्या.