आंटी, तू कधी जाणार?

सकाळचे पाच. बाहेर मिट्ट काळोख. चुलीवर भलंमोठं पातेलं, त्यात नाचणीची पेज आणि ती ढवळायला माझ्या हातात वल्ह्याएवढा लाकडी डाव. पुण्यात असते तर या वेळी डेडलाइन संपवून नुकती आडवी झाले असते. पण हे पुणं नव्हतं. केनियातल्या किसुमू शहराबाहेर, व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूला एक छोटंसं मिशनचं बालगृह होतं. तिथला माझा चौथा दिवस सुरू होत होता.

मागून कुणीतरी माझा कुर्ता ओढला. सहा-सात वर्षांची मुलगी, एकाच पायात चप्पल.

'आंटी, उताओंदोका लिनी?'

मला वाटलं, खायला कधी मिळणार म्हणून विचारतेय. मोठ्ठं हसून मी नुकताच पाठ केलेला शब्द फेकला, 'सासा हिवी!' म्हणजे, आत्ता लगेच. शेजारी भाजी चिरणारी हाऊस मदर पोट धरून हसायला लागली. मुलीने विचारलं होतं, 'आंटी, तू इथून कधी जाणार?'

आणि मी उत्तर दिलं होतं, 'आत्ता लगेच.'

विनोद म्हणून हा किस्सा मी नंतर खूप जणांना सांगितला. पण तो प्रश्न विनोदी नव्हता. तिथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मुलं तो विचारायची. कुणी दोन आठवड्यांसाठी येतं, कुणी दोन महिन्यांसाठी. कडेवर घेतं, फोटो काढतं, विमानतळावर रडतं आणि जातं. मुलांनी आपला फंडा क्लिअर ठेवला होता. माणूस किती दिवसांचा आहे ते आधी विचारायचं, मग किती जीव लावायचा ते ठरवायचं.

ही गोष्ट २०२२ सालची. मी पंचवीस वर्षांची होते. मास कॉमची डिग्री, तीन वर्षांचं फ्रीलान्सिंग, 'पावसाळ्यात केसांची निगा' या विषयावर एकूण अकरा लेख. आमच्या चर्चमार्फत नऊ महिन्यांच्या सेवेची संधी आली आणि मी हो म्हटलं. आई म्हणाली, 'अगं, स्वतःची खोली कधी झाडली नाहीस, तिकडे जाऊन काय करणार?' मुद्दा बिनतोड होता.

पण एक गोष्ट आईलाही माहीत होती. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. माझी खापरपणजी १८९६-९७ च्या दुष्काळातली पोरकी मुलगी. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये ज्या शेकडो मुलींना आसरा दिला, त्यातली एक. तिथे ती जगली, शिकली, म्हणून आज मी आहे. मला वाटायचं, हे कर्ज कुठेतरी फेडायला हवं. थोडं फिल्मी आहे, पण पंचविशीत माणूस असाच विचार करतो.

प्रत्यक्षात फिल्मी काहीच नव्हतं. चौतीस मुलं. पाचला उठून पेज. तिकडे तिला उजी म्हणतात, चवीला आपल्या आंबिलीच्या जवळची. मग तोंडं धुणं, युनिफॉर्म, हरवलेला मोजा, शाळा. मुलं गेली की कपडे. वॉशिंग मशीन विसरा. पाण्याचे पिवळे कॅन, साबणाची वडी आणि आपले दोन हात. दुपारी उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सोबत सुकुमा विकी ही पालेभाजी. या नावाचा अर्थ 'आठवडा ढकला'! महिनाअखेरीला तुम्ही-आम्ही मॅगीवर जगतो ना, तेच. कधीकधी ओमेना, सरोवरातली वाळवलेली बारीक मासळी. तिचा वास पहिल्यांदा आला तेव्हा मला थेट सुकटीचीच आठवण झाली आणि डोळ्यांत पाणी आलं. बाकी ओळखीच्या गोष्टीही बऱ्याच निघाल्या. चहाला चाय, गाडीला गारी, पैशाला पेसा. रविवारी चपाती असली की मुलं टाळ्या वाजवायची. माझी चपाती मात्र त्यांच्या हाऊस मदरच्या चपातीपुढे नापास झाली.

रात्री सातला प्रार्थना. मला वाटलं होतं, इथे माझी श्रद्धा एकदम उजळून निघेल. खरं सांगू? मी प्रार्थनेत दोनदा घोरले.

आठला गोळ्या. केनियात एचआयव्हीचं प्रमाण या सरोवराच्या पट्ट्यात सर्वांत जास्त. आमच्या काही मुलांना रोज ठरल्या वेळी औषध घ्यावं लागायचं, एकही दिवस न चुकता. पहिल्यांदा औषधाची बाटली हातात घेतली आणि लेबलवर 'मेड इन इंडिया' वाचलं, तेव्हा छाती उगीचच फुगली. नंतर वाचलं तेव्हा कळलं, ती उगीच नव्हती. या आजाराच्या एका माणसाच्या वर्षभराच्या औषधांना दहा हजार डॉलरच्या वर पैसे पडायचे, तेव्हा फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीच औषधं 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेला साडेतीनशे डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. अशा स्वस्त औषधांमुळे किती आया-बाप जगले असतील! म्हणजे किती मुलं बालगृहात यायचीच वाचली असतील. नऊ महिने धुणी धुऊन मी जे केलं, त्यापेक्षा हे काम कितीतरी मोठं होतं.

त्या प्रश्नवाल्या मुलीचं नाव मी इथे देणार नाही. मुलांची ओळख छापायची नाही, हा साधा नियम आहे. मी तिला 'सात नंबर' म्हणायचे. प्रत्येक मुलाच्या टॉवेलवर, ताटलीवर, युनिफॉर्मवर एक नंबर असायचा. नावं पाठ होईनात म्हणून मी नंबरांनी हाका मारायला लागले. एकदा हाऊस मदरने ऐकलं आणि शांतपणे म्हणाली, 'नंबर कपड्यांना असतो, आंटी.' मी ओशाळले. पण सात नंबरला ते आवडायचं. मग ते आमच्या दोघींचंच सीक्रेट नाव झालं.

मास कॉमवाली आहे कळल्यावर माझ्याकडे न्यूजलेटर आलं. देणगीदारांना जाणारं, चार पानांचं. इथे मात्र मी फॉर्मात होते. सात नंबरवर एक स्टोरी लिहिली. फोटो नाही, नाव बदललेलं, पण कॉपी सॉलिड. शेवटचं वाक्य होतं, 'या जगात तिचं आपल्याशिवाय कुणीही नाही.' लिहिताना माझेच डोळे भरून आले. फाइल उघडून बघायचं मात्र सुचलं नाही. त्या अंकानंतर देणग्याही बऱ्या आल्या.

त्याच वर्षी जूनमध्ये केनिया सरकारने २०२२ ते २०३२ अशी दहा वर्षांची योजना जाहीर केली. मुलांना संस्थांमधून काढून हळूहळू कुटुंबांत परत न्यायचं. नव्या बालगृहांची नोंदणी तर २०१७ मध्येच थांबवली होती. आमच्या बालगृहातही मीटिंग झाली. प्रत्येक मुलाचे नातेवाईक शोधायचे ठरलं. मी तेव्हा मनातून चिडले होते. एवढं छान चाललंय, पोरांना खायला मिळतंय, शाळा आहे, ते मोडायचं कशाला?

तिथल्या सोशल वर्करने माझ्यासमोर सात नंबरची फाइल ठेवली. आई वारलेली, वडील वारलेले. पुढच्या ओळीत होतं, 'वडिलांची आई : हयात.' गाव सियाया भागातलं.

आम्ही आधी मटाटूने, म्हणजे तिथल्या वडापने गेलो आणि पुढे बोडा-बोडावर, मोटरसायकलच्या मागे बसून. लाल मातीचा रस्ता, पत्र्याचं छप्पर, मातीच्या भिंती, दोन शेळ्या. अंगणात दोन कबरी. लुओ लोकांत आपल्या माणसांना घराच्या आवारातच पुरतात. आजीने आधी आम्हाला त्या दोन कबरींपाशी नेलं. मुलगा आणि सून. मग तिने नातीचं नाव घेऊन विचारलं, कशी आहे? उंच झाली का? दात पडले का? रात्री अजून बडबडते का?

माझ्याकडे दातांचं उत्तर होतं. रात्रीच्या बडबडीचं नव्हतं.

नात सोडून का दिली, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. सोशल वर्करने विचारलं. आजी म्हणाली, 'मी सोडलं नाही. मला सांगितलं, तिथे शाळा आहे, रोज जेवण आहे. माझ्याकडे तेव्हा दोन्ही नव्हतं.'

एवढंच. म्हणजे सात नंबर अनाथ होती हे खरं, पण ती बालगृहात आली होती शाळेच्या फीमुळे आणि मक्याच्या पिठामुळे. परत येताना मी गप्प होते. 'या जगात तिचं कुणीही नाही' हे वाक्य मी लिहिलं होतं. अख्खी आजी मी एका वाक्यात पुसून टाकली होती.

नंतर आकडे बघितले. युनिसेफच्या व्याख्येप्रमाणे आई-वडिलांपैकी एक जरी गेलं तरी मूल अनाथ धरतात. २०१५ मध्ये अशी जवळजवळ १४ कोटी मुलं जगात होती. त्यातली दोन्ही पालक गेलेली दीड कोटीच्या आसपास. बाकीच्यांचं कुणीतरी एक होतं. आणि दोन्ही गेलेल्यांनाही आजी असते, मावशी असते, मोठा भाऊ असतो.

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात अनाथ आणि विधवा यांचं नाव एका दमात घेतलंय. लहानपणापासून मी ते ऐकत आले. मला त्यात कायम फक्त अनाथ दिसायचे, मोठ्या डोळ्यांचे, पोस्टरवरचे. विधवा दिसलीच नव्हती. ती सियायाच्या अंगणात दोन कबरींपाशी उभी होती.

पुढचे तीन महिने कागदपत्रांत गेले. चिल्ड्रन्स ऑफिसर, गावचा चीफ, जवळच्या शाळेत प्रवेश. अनाथ मुलं सांभाळणाऱ्या घरांना केनिया सरकार २००४ पासून थेट पैसे देतं, महिन्याला दोन हजार शिलिंग. त्यासाठी आजीचा अर्ज भरला. तो मंजूर होईपर्यंत फी आणि पिठाचा खर्च बालगृहाने उचलला. सात नंबर आधी एक शनिवार-रविवार राहून आली, मग शाळेची एक पूर्ण सुट्टी. आणि एका सकाळी टॉवेल, दोन फ्रॉक आणि शाळेचं दप्तर घेऊन निघाली. हाऊस मदर हसत हात हलवत राहिली आणि गाडी दिसेनाशी झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन रडली. बारा वर्षं ती हेच काम करत होती. त्या रात्री मी सवयीने चौतीस ताटल्या मांडल्या. एक परत ठेवली.

पुढच्या न्यूजलेटरमध्ये मी दुरुस्ती छापली. तिला आजी आहे आणि ती आजीकडे गेलीय, तुमचे पैसे आता तिथे लागतील. काही देणगीदार गळाले. काहींनी आजीला शेळी घेऊन दिली.

सगळ्या मुलांचं असं होत नाही. आमच्याकडच्या काहींना खरंच कुणी सापडलं नाही, आणि एकाचं घर सापडूनही त्याला तिथे पाठवण्यासारखं नव्हतं. त्यांच्यासाठी ती पेज, ती चूल लागतेच. माझ्या खापरपणजीलाही लागली होती. केडगावने तिला जगवलं. पण आमच्याकडे सांगतात, म्हातारपणी तिला बाकी सगळ्याचा विसर पडला तरी दुष्काळात हात सुटलेल्या भावाचं नाव ती घ्यायची. लहानपणी मी हे गोष्टीसारखं ऐकलं होतं. त्याचा अर्थ मला सियायामध्ये लागला.

परत यायच्या आठवड्यात मी सात नंबरला भेटायला गेले. ती अंगणात शेळीच्या मागे धावत होती, दोन्ही पायांत चपला. मी सवयीने 'सात नंबर!' अशी हाक मारली. तिने वळून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. आतून आजीने तिला नावाने हाक मारली, तशी ती पळत आली. आजीने चहा दिला. तेवढ्यात तिने तिचा जुना प्रश्न विचारला.

'आंटी, तू कधी जाणार?'

नऊ महिने मी या प्रश्नाला काहीबाही सांगत आले होते. या वेळी खरं सांगितलं. 'शुक्रवारी.'

'बरं,' ती म्हणाली आणि शेळीच्या मागे पळाली.